ड्रायव्हर कमी पडतायत, की ड्रायव्हरचे दिवस?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणजवळ नव्या गाड्यांच्या वाहतुकीचा धंदा आहे. ६० कार कॅरिअर ट्रेलर आणि सुमारे १२०० गाड्या मावतील असं यार्ड. ड्रायव्हर नाहीत म्हणून १४ ट्रेलर उभे आहेत, आणि यार्डातली पोरं दोन महिन्यांच्या वर टिकत नाहीत. एक विक्रेता गाड्या स्वतः उचलून नेणारी रोबोट ट्रॉली आणि सोबत प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर असं कोटेशन घेऊन आलाय. माणसं मिळणारच नसतील तर यंत्रांवर जावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

रोबोटचं शेवटी बोलू. आधी एक काम करा. तुमच्या ट्रेलरना जीपीएस आहेच. मागच्या महिन्यातल्या कुठल्याही २० ट्रिपा काढा आणि प्रत्येक ट्रिपचा प्रत्येक दिवस तीन रकान्यांत टाका: चाक फिरत होतं, गाड्या चढत-उतरत होत्या, नुसतं उभं. हे काम ऑफिसातल्या पोराला देऊ नका, स्वतः बसा. अर्धा रविवार जाईल.

मी या धंद्यात २३ वर्षं आहे. पहिली काही वर्षं यार्डात गाड्या लावल्या, मग डिस्पॅच सांभाळला, आता ताफा बघतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही तुमच्यासारखीच ओरड होती आणि मालकांनी नवीन ड्रायव्हर आणण्यासाठी एजंट नेमायचं ठरवलं होतं. तेव्हा आम्ही वर सांगितलेला हिशोब केला. चाकण ते गुरुग्राम म्हणजे साधारण चौदाशे किलोमीटर. ट्रेलर दिवसाला साडेतीनशे धरला तर जायला चार दिवस, यायला चार. आमची फेरी पडत होती १३ दिवसांची. मधले पाच दिवस कुठे गेले? दीड दिवस आमच्याच गेटबाहेर लोड लागण्याची वाट बघण्यात, दीड दिवस डीलरच्या दारात, आणि दोन दिवस परतीचं लोड मिळेपर्यंत उत्तरेतल्या एका धाब्यामागे.

आता तुमचे आकडे यात घाला. ६० पैकी १४ उभे, म्हणजे ४६ ट्रेलर ड्रायव्हरसकट चालू आहेत. १३ दिवसांच्या फेरीने महिन्याला साधारण १०६ फेऱ्या होतात. फेरी ११ दिवसांवर आली तर त्याच ४६ माणसांत १२५. जुन्या वेगाने १२५ फेऱ्या मारायला ५४ ड्रायव्हर लागले असते. म्हणजे दोन दिवस वाचवले की आठ ड्रायव्हर न आणता मिळाले. तुमचे मार्ग वेगळे असतील, आकडे हलतील, पण आठाचे पाच झाले तरी मला सांगा, पाच अनुभवी ट्रेलर ड्रायव्हर आज बाजारात कुठे मिळतात?

माणसं खरंच कमी आहेत, हे मी नाकारत नाही. आपल्या धंद्यातले जुने जाणते ड्रायव्हर बरेचसे नूंह-अलवरच्या मेवात पट्ट्यातले, बाकी यूपी-बिहारचे. त्यांची पुढची पिढी स्टिअरिंगला हात लावायला तयार नाही. आपल्याकडे बीड-लातूरचा पोरगा हेवी लायसन काढतो आणि सहा महिन्यांत कंपनीच्या बसवर जातो, कारण रात्री घरी झोपायला मिळतं. कायद्याप्रमाणे आधी हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर हवं, मग ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन, वय किमान २०. २०१९ मध्ये आठवी पासची अट काढली, त्याने दार थोडं उघडलं, पण कार कॅरिअर चालवणं हे ट्रक चालवण्यापेक्षा वेगळं काम आहे. वरच्या डेकवर गाडी उलटी चढवायला शिकायला माणसाला चार-सहा महिने लागतात.

आणि मागणी दोन बाजूंनी वाढलीय, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. एक, १८.७५ मीटर लांबीच्या नियमाची अंमलबजावणी कडक झाल्यावर जुने लांबलचक ट्रेलर गेले. दुसरं, गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळलं. आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त युटिलिटी गाड्या आहेत. ज्या ट्रेलरवर आठ छोट्या हॅचबॅक जायच्या त्यावर मोठ्या एसयूव्ही पाच-सहाच बसतात. म्हणजे तेवढ्याच गाड्या पोहोचवायला जास्त ट्रेलर, जास्त ड्रायव्हर. कारखान्याने उत्पादन एक टक्काही वाढवलं नसतं तरी तुम्हाला माणसं कमीच पडली असती.

आता तो गेटबाहेरचा दीड दिवस. तो बहुतेक वेळा यार्डात तयार होतो.

तुमचं यार्ड मी पाहिलेलं नाही, पण १२०० गाड्या बसवायच्या म्हणजे ओळीत नाकाला शेपूट लावूनच उभ्या असणार. अशा ओळीत मधली गाडी हवी असेल तर पुढच्या तीन काढाव्या लागतात, आणि ती निघाली की त्या तीन परत लावाव्या लागतात. आमच्या यार्डात याला 'खोदकाम' म्हणायचे. "आज किती खोदलं रे?" हा संध्याकाळचा प्रश्न असायचा. एकदा चार दिवस मोजलं, तर एक गाडी बाहेर जाण्यासाठी सरासरी तीनपेक्षा जास्त वेळा कुणीतरी कुठलीतरी गाडी सुरू करत होतं. त्यातली एकच हालचाल कामाची. बाकी सगळी खोदाखोद, आणि ती करायला आम्ही दर महिन्याला नवीन पोरं शोधत होतो.

एक रात्र अजून आठवते. मार्चअखेर, आठ गाड्यांचं लोड, सात चढल्या. आठवी पांढरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही सापडेना. रजिस्टरमध्ये ती सी-१४ ओळीत. सी-१४ मध्ये त्याच मॉडेलच्या पांढऱ्या अकरा. चार पोरं मोबाईलच्या उजेडात काचेखालचे नंबर वाचत फिरत होती. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. पण आठ आणि बी, पाच आणि एस यांचं काय करणार? पहाटे साडेतीनला गाडी वॉशिंगच्या रॅम्पमागे सापडली. कुणीतरी धुवायला नेली होती आणि परत लावायचं राहिलं होतं. ड्रायव्हर तोवर केबिनमध्ये झोपलेला. सकाळी नऊला उठवला तर म्हणाला, आता दुपारी चाकण चौकातून ट्रेलर काढू देत नाहीत, रात्री निघतो. एका गाडीपायी पूर्ण दिवस गेला. जीपीएसवर तो दिवस 'ड्रायव्हर निष्क्रिय' असा लागला होता, हे विशेष.

म्हणून माझं पहिलं मत: यंत्र घ्यायचंच तर गाडी शोधणारं घ्या, गाडी चालवणारं नंतर. प्रत्येक गाडीच्या काचेवर क्यूआर स्टिकर, प्रत्येक जागेच्या खांबावर किंवा जमिनीवर क्यूआर, आणि पोराच्या हातात साधा स्कॅनर नाहीतर मजबूत कव्हरमधला फोन. गाडी लावली की दोन स्कॅन: गाडी, जागा. गाडी हलवली की परत दोन स्कॅन. एवढंच. पत्र्याची शेड नसलेल्या यार्डात जीपीएसवर गाडी शोधता येते असं विक्रेते सांगतात, पण दोन ओळींमध्ये हातभर अंतर असतं तिथे पाच मीटरची चूक म्हणजे दुसरी-तिसरी ओळ. स्कॅन लावा. किल्ल्यांचंही तसंच. किल्ली गाडीत ठेवायची की कपाटात, यावर वाद घालत बसू नका. काहीही एक ठरवा आणि तेच करा. आमच्याकडे दिवसपाळी कपाटात ठेवायची आणि रात्रपाळी गाडीत, त्यामुळे पहाटेचा पहिला तास किल्ल्यांच्या नावाने.

स्कॅनिंग आलं की दुसरी गोष्ट शक्य होते: गाडी आत येतानाच तिची जागा ठरवणं. कारखान्याने गाडी कुठल्या डीलरची हे आधी सांगितलं असेल तर ओळ गावानुसार लावा. नागपूरची ओळ, इंदूरची ओळ. नसेल सांगितलं, तर मॉडेल-रंग-व्हेरिएंट सारखे असलेल्या गाड्या एका ओळीत, म्हणजे पुढची कुठलीही उचलली तरी चालते. आणि डिस्पॅचवाल्याला ठणकावून सांगा की ओळीतली पहिली गाडी सोडून पाचवीचा इनव्हॉइस फाडायचा नाही. यात एक रुपयाचं यंत्र नाही. तरी आमचं खोदकाम तीन महिन्यांत निम्म्यावर आलं, आणि पोरांचं टिकणं वाढलं. उन्हात तीच गाडी चार वेळा हलवण्यात कुणाला रस असणार?

जाता जाता: यार्डात बायकांना घ्या. आम्ही सुरुवातीला सहा जणी घेतल्या, हलक्या वाहनाचं लायसन असलेल्या, आसपासच्या गावांतल्या. यार्डातलं नुकसान त्यांच्या पाळीत कमी. पण स्वच्छतागृह, पाणी आणि संध्याकाळी गावापर्यंत सोडणारी गाडी या तीन गोष्टी आधी लागतात. आम्ही उलट्या क्रमाने केलं आणि पहिल्या महिन्यात त्यातल्या चौघी सोडून गेल्या.

डीलरच्या दारातला दीड दिवस हा वेगळा प्रकार आहे. तिथे तुमची सत्ता नाही. डीलरचा स्टॉकयार्ड भरलेला असतो, सही करणारा माणूस नसतो, किंवा शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी असते. ट्रेलर पहाटे पाचला हद्दीवर पोहोचतो, आत शिरायची वेळ संपत आलेली असते, मग रात्रीपर्यंत उभा. इथे प्लॅनिंग सॉफ्टवेअरचा खरा उपयोग आहे, पण विक्रेता दाखवतो तो नव्हे. विक्रेता तुम्हाला ट्रेलरवर गाड्या कशा बसवायच्या याचं रंगीत चित्र दाखवेल. उंची, वजन, कुठली गाडी आधी उतरणार म्हणून शेवटी चढवायची. हे चांगलंच आहे, नवशिक्या सुपरवायझरचा अर्धा तास वाचतो. तुमचा जुना लोडर मात्र हे चित्र डोळ्यांनीच काढतो.

सॉफ्टवेअरला जे येत नाही ते तुमच्या ड्रायव्हरांच्या डोक्यात आहे. आमच्या पहिल्या सॉफ्टवेअरने पहिल्याच आठवड्यात एका तालुक्याच्या गावी दोन गाड्यांचा ड्रॉप लावला. नकाशावर शोरूम हायवेपासून आठशे मीटर. प्रत्यक्षात मध्ये आठवडे बाजार, आणि त्यावर लोंबकळणारी विजेची तार. ड्रायव्हर हायवेवरच थांबला, दोन्ही गाड्या रस्त्याकडेला उतरवल्या आणि फोन केला, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरला सांगा इथे बुधवारी यायचं नसतं." त्यानंतर आम्ही दर डीलरचं एक पान केलं: ट्रेलर कुठवर जातो, किती वाजता, साप्ताहिक सुट्टी कधी, सही कोण करतं, उतरवायला रॅम्प आहे का. ती पानं ड्रायव्हरांना चहा पाजून भरली. दोनशे डीलरची पानं भरायला दोन महिने लागले. सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने त्यानंतर कामाला आलं, कारण आता ते ट्रेलर चाकणहून कधी सोडायचा हे उलटं मोजू शकत होतं. निघायला सहा तास उशीर केला तर पोहोचायला उशीर होत नाही, उलट दारातलं उभं राहणं वाचतं. हे मालकांना पटायला वेळ लागतो, कारण भरलेला ट्रेलर गेटात दिसला की त्यांना बेचैन होतं.

मोठ्या शहरांसाठी अजून एक सोय बघा. लांब पल्ल्याचा ट्रेलर शहराबाहेरच रिकामा करायचा आणि तिथून दोन गाड्यांचे छोटे कॅरिअर आत पाठवायचे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय की एकूण वजन ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोट्या कॅरिअरला स्थानिक पोरगा चालतो, जो रात्री घरी जातो. तुमचा मेवातचा अनुभवी माणूस शहराच्या गल्ल्यांत अडकत नाही. विम्याचे कागद मात्र एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

परतीच्या लोडचे दोन दिवस हा भाव-ताव आणि ओळखीचा विषय आहे. गुरुग्राम-मानेसरहून महाराष्ट्राकडे गाड्या येतातच, तुमच्याकडून तिकडे जातातच. दोन्ही बाजूंचे वाहतूकदार एकमेकांचे ट्रेलर रिकामे बघतात आणि बोलत नाहीत, कारण उद्या टेंडरमध्ये समोरासमोर असतात. ट्रेलर पोहोचायच्या दोन दिवस आधी समोरच्याला कळवायचं, एवढा एकच करार एका वाहतूकदाराशी करा. बाकी मी इथे जास्त लिहीत नाही, ज्याचे त्याचे संबंध.

आता महिनाअखेर. माझ्या मते आपल्या धंद्यातली निम्मी टंचाई कॅलेंडरने केलेली आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यार्डातली पोरं कॅरम खेळतात आणि शेवटच्या आठवड्यात दोन पाळ्या सलग करतात. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली). महिन्याच्या २८ तारखेला ते कुठे असतात हे आपण दोघंही जाणतो. वर सणांचा उलटा हिशोब: दसरा-दिवाळीला सगळ्यात जास्त गाड्या पाठवायच्या असतात, आणि त्याच पंधरवड्यात यूपी-बिहारची माणसं छठसाठी गावी निघतात.

२०२५ मध्ये याचं टोक पाहिलं. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि गिऱ्हाईक थांबलं. डीलर म्हणाले, पाठवू नका, जुन्या कराचा माल अंगावर येईल. पाच आठवडे यार्ड तुंबत गेलं, ट्रेलर उभे, ड्रायव्हरांना ट्रिप नाही म्हणून भत्ता नाही. काहीजण गावी गेले, काही कंटेनरवर गेले. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सगळ्यांना सगळ्या गाड्या दसऱ्याच्या आत हव्या होत्या. दसरा होता २ ऑक्टोबरला. ट्रेलर होते, माणसं गेलेली. आमच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराने त्या पाच आठवड्यांत ड्रायव्हरांना रोजचा निम्मा भत्ता देऊन थांबवून ठेवलं. तेव्हा आम्ही त्याला वेड्यात काढलं. दसऱ्याच्या आठवड्यात त्याचे सगळे ट्रेलर रस्त्यावर होते, आमचे नऊ उभे.

म्हणून प्लॅनिंग म्हणजे काय, तर कारखान्याच्या डिस्पॅचवाल्यासोबत दर सोमवारी बसणं आणि पुढच्या तीन आठवड्यांचा अंदाज मागणं, मग तो चुकीचा का असेना. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तो कागद घेऊन दरवाढीच्या बैठकीला जा. 'गाडी लागली नाही तरी थांबण्याचे इतके' हा आकडा करारात आणायला दुसरा पुरावा नसतो. ड्रायव्हरांच्या सुट्ट्याही तीन महिने आधी विचारून लिहा. ईद, छठ, एप्रिलमधली गव्हाची कापणी, घरचं लग्न. विचारलं तर माणूस सांगतो आणि परत येतो. नाकारलं तर सांगत नाही आणि येतही नाही.

ड्रायव्हर का सोडून जातो, हे आम्ही एकदा सोडून गेलेल्यांनाच फोन करून विचारलं. पगार कमी हे कारण आम्ही धरून चाललो होतो. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं: न केलेल्या ओरखड्याचे पैसे कापले. बंपरवर चरा निघतो, यार्डवाला म्हणतो चढवताना नव्हता, डीलर म्हणतो उतरवताना होता, आणि मध्ये ड्रायव्हर. दोन-तीन हजार कापले की पुढची ट्रिप तो दुसऱ्याकडे करतो. दुसरं कारण, ट्रिपची उचल वजा जाऊन राहिलेली रक्कम महिनाभर अडकणं, कारण डीलरच्या सहीचा कागद कुरिअरने परत यायचा असतो.

दोन्हींवर यंत्र आहे आणि ते स्वस्त आहे. गेटवर कॅमेऱ्यांची कमान लावा. आत येताना आणि बाहेर पडताना प्रत्येक गाडीचे सगळीकडून फोटो. ओरखडा आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर सोबत मिळतं, पण पावसाचे थेंब आणि चिखलाचे शिंतोडे त्याला चरेच वाटतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. तारखेसकट फोटो असणं हेच ऐंशी टक्के काम. कमान परवडत नसेल तर फोनवर ठरावीक बारा फोटो, चढवण्याआधी आणि उतरवल्यावर. पोचपावती डीलरच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने घ्या आणि राहिलेली रक्कम त्याच दिवशी ड्रायव्हरच्या खात्यात टाका. त्याच दिवशी, दुसऱ्या नाही. आमच्याकडे पहिल्यांदा तसं झालं तेव्हा एका ड्रायव्हरने हिशोबनीसाला फोन केला की चुकून पैसे आलेत, परत कुणाकडे पाठवू?

घरी झोपायला मिळणं हा तिसरा मुद्दा. चाकणहून धुळे साडेतीनशेच्या आसपास, एका दिवसाचा पल्ला. एकाने धुळ्यापर्यंत ट्रेलर न्यायचा, तिथे पुढचा ड्रायव्हर तयार, आणि हा उत्तरेकडून आलेला ट्रेलर घेऊन दुसऱ्या दिवशी घरी. रिव्हिगो या ट्रक वाहतूक कंपनीने ही पद्धत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर करून दाखवली होती. कार कॅरिअरमध्ये अडचण हस्तांतराची: मध्ये माणूस बदलला की चरा कुणाचा? बारा फोटोंची सवय लागलेली असेल तर हे जमतं, नाहीतर धुळ्याच्या पंपावर रोज भांडणं. आणि दिवसाला दोन्ही बाजूंनी किमान पाच-सहा ट्रेलर असल्याशिवाय हे करू नका, जोड्या जुळत नाहीत. स्थानिक मराठी पोरगा लांब पल्ल्याच्या कामात आणायचा असेल तर माझ्या पाहण्यात हाच एक मार्ग आहे. जानेवारी २०२४ च्या संपात नव्या अपघात कायद्याच्या भीतीने जी पोरं स्टिअरिंग सोडून गेली, त्यातली काही आमच्याकडे याच अटीवर परत आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, त्याचाही फायदा होईल. जुन्या ट्रेलरवाल्यांनी मे महिन्यात एकदा स्वतः केबिनमध्ये बसून बघावं.

रेल्वेचा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. २०१३ मध्ये मारुतीने स्वतःच्या मालगाड्या चालवण्याचा परवाना घेतला. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या हंसलपूर कारखान्यात आणि जून २०२५ मध्ये मानेसरला थेट आतपर्यंत रूळ गेले. २०२४-२५ या वर्षात त्यांनी ५.१८ लाख गाड्या रेल्वेने पाठवल्या. एका रेकमध्ये, म्हणजे एका पूर्ण मालगाडीत, अडीचशे-तीनशे गाड्या, म्हणजे ३५ ते ४० ट्रेलरचं काम. ऐकायला छान वाटतं. पण आपल्या पट्ट्यात कारखान्याच्या आत रूळ नाहीत, गाड्या चिंचवडसारख्या मालधक्क्यावर न्याव्या लागतात. रेक लागला की ठरलेल्या तासांत भरायचा, नाहीतर दंड. म्हणजे चार दिवसांच्या ट्रिपा वाचल्या, पण त्या काही तासांसाठी २५-३० पोरं एकदम हवीत, गाड्या चालवत आत घालणारी, पट्टे आवळणारी, चाकांना ठोकळे लावणारी. आणि रेक कधी येईल याचा भरवसा तासांत नाही, पाळीत सांगतात. रेल्वे टंचाई मिटवत नाही, हायवेवरून धक्क्यावर आणते. तिथे ती सोपी असते, कारण धक्क्यावर स्थानिक माणूस चालतो. तुम्ही छोटे वाहतूकदार आहात, रेक तुमच्या नावावर येणार नाही. पण कारखाना रेल्वेकडे वळला तर धक्क्यापर्यंतचं आणि धक्क्यापासूनचं काम कुणाकडे जाईल, याची बोलणी आत्ताच करा.

आता रोबोट. तंत्रज्ञान खरं आहे, फसवणूक नाही. बीएमडब्ल्यूच्या जर्मनीतल्या डिंगॉल्फिंग कारखान्यात नव्या गाड्या असेंब्ली लाइनवरून स्वतः चालत जातात, २०२२ मध्ये चाचणी सुरू झाली होती. तिथे रस्त्याकडेला सेन्सर आहेत आणि गाडीला बाहेरून हुकूम देता येतो. दुसरा प्रकार फ्रान्समधल्या स्टॅन्ली रोबोटिक्सचा: सपाट ट्रॉली गाडीखाली सरकते, चाकं उचलते आणि नेऊन ठेवते. लियॉं विमानतळाच्या पार्किंगमध्ये २०१९ पासून अशा ट्रॉल्या चालल्या. दोन्हींना गुळगुळीत फरसबंदी, आखलेल्या रेघा आणि वर्षभर तेच काम लागतं. तिकडे यार्डातल्या माणसाचा पगार इतका असतो की हिशोब बसतो. तुमच्या यार्डातल्या एका पोराचा वर्षाचा पगार कोटेशनमधल्या एका ट्रॉलीच्या वार्षिक देखभालीच्या रकमेशेजारी लिहून बघा, ट्रॉलीच्या किमतीशेजारी नाही. बंदरावर किंवा नव्या कारखान्याच्या आतल्या यार्डात हे पाच-सात वर्षांत येईल असं मला वाटतं. मुरूम टाकलेल्या भाड्याच्या जमिनीवर नाही.

त्याच पैशात हायड्रॉलिक डेकचे ट्रेलर बघा. हाताने क्रँक फिरवून वरचा डेक उचलणारे जे ट्रेलर तुमच्याकडे उरले असतील, ते ड्रायव्हरची कंबर आणि तुमचा अर्धा तास दोन्ही घेतात. बॅटरी बूस्टर दोनचे सहा करा, तुंबलेल्या यार्डात सकाळी सुरूच न होणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळ जातो. आणि यार्डाच्या मुख्य दोन वाटा काँक्रीटच्या करा.

कोटेशनमधला सॉफ्टवेअरचा भाग ट्रॉलीपासून वेगळा मागा. विक्रेता म्हणेल दोन्ही एकत्रच, तेव्हा त्याला डेमो द्यायला बोलवा. ट्रॉलीचा डेमो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवा, चार दिवस पाऊस झाल्यावर, त्या मागच्या कोपऱ्यात जिथे दर वर्षी पाणी साचतं.